पॉल एर्लिख : शरीर स्वतःवरच का उलटत नाही, हा प्रश्न धरून बसलेला माणूस



रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण हिमोग्लोबिन बघतो आणि कागदाची घडी घालतो. त्याच कागदावर खाली न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल अशी नावं असतात आणि पुढे टक्के लिहिलेले असतात. मुलाला सारखी सर्दी-शिंका होत असतील तर डॉक्टर इओसिनोफिल वाढलेत का ते बघतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रंगवून त्यांचे असे वेगवेगळे प्रकार पाडायला ज्यांनी शिकवलं ते जर्मन शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पॉल एर्लिख. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव बहुतेक वेळा ६०६ नंबरच्या औषधासाठी येतं. मी आज मुख्यतः त्यांच्या शेळ्यांबद्दल लिहिणार आहे. शेळ्यांपासून निघालेला एक प्रश्न शंभर वर्षांनी आपल्या पेशीतल्या एका प्रथिनापर्यंत कसा पोचला, ते सांगायचं आहे.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या छोट्या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. शिक्षणासाठी त्यांना ब्रेस्लाऊ शहरात ठेवलं. शाळेत गणित आणि लॅटिन चांगलं होतं, पण निबंध म्हटला की पंचाईत. त्यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. परीक्षेत जीवन हे एक स्वप्न आहे, अशा अर्थाच्या विषयावर निबंध लिहायचा होता. बाकीच्यांनी काव्यमय काहीतरी लिहिलं असणार. या मुलाने लिहिलं की जीवन म्हणजे शरीरात चाललेलं ऑक्सिडीकरण आणि स्वप्न म्हणजे मेंदूची चमक! शिक्षकांना हे अजिबात रुचलं नाही आणि गुणही तसेच पडले. आपल्या वर्गात असा निबंध आला तर आपण किती गुण देऊ, हा विचार माझ्या मनात येतोच.

त्यांचा मावस-मामे नात्यातला मोठा भाऊ कार्ल वायगर्ट हा शरीरातील ऊती सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी कापड रंगवायचे नवे कृत्रिम रंग वापरत असे. त्या काळात जर्मनीत रंगांचे कारखाने जोरात होते. पॉलला या रंगांचं वेड लागलं ते कायमचंच. स्ट्रासबुर्गला वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांचं टेबल निरनिराळ्या रंगांच्या डागांनी भरलेलं असायचं. बाकी अभ्यासक्रमात लक्ष कमी. क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख पुढे एकदा ब्रेस्लाऊला आले तेव्हा त्यांना कोणीतरी हा मुलगा दाखवून सांगितलं होतं म्हणे, की रंगकामात पटाईत आहे पण परीक्षा काही पास होणार नाही. परीक्षा ते पास झाले. १८७८ साली लाइपझिग विद्यापीठात त्यांनी रंगांवरच प्रबंध दिला आणि डॉक्टर झाले.

रंगांमध्ये त्यांना नेमकं काय दिसत होतं? एकच रंग एका पेशीला चिकटतो आणि शेजारच्या पेशीला चिकटत नाही. असं का? एर्लिख यांचं उत्तर असं की रंगाच्या रेणूचा आकार आणि पेशीतल्या एखाद्या पदार्थाचा आकार एकमेकांत बसत असला पाहिजे. कुलूप-किल्लीसारखं. जे बसतं तेच चिकटतं. ही एक कल्पना त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. रक्तपेशींचे प्रकार, विषाचा उतारा, ६०६ नंबरचं औषध, सगळं या एकाच कल्पनेतून आलं.

मधली वर्षं भरभर सांगते. १८८३ मध्ये हेडविग पिंकुस यांच्याशी विवाह झाला, दोन मुली झाल्या. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काम करताना त्यांनी क्षयाचे जंतू रंगवायची पद्धत सुधारली. पुढे त्यांना स्वतःलाच क्षय झाला. कोरड्या हवेसाठी ते इजिप्तला जाऊन राहिले आणि बरे होऊन १८८९ मध्ये परतले. मग कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेहरिंग यांच्याबरोबर घटसर्पावरच्या रक्तद्रवाचं काम केलं. घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. तेव्हा या रोगाने मुलं गळा दाटून मरत. घोड्याला या जंतूचं विष थोडं थोडं देऊन त्याच्या रक्तातून उतारा काढायचा, अशी पद्धत होती. पण कधी उतारा जोरदार निघे, कधी पाणचट. किती मात्रेत किती ताकद आहे हे मोजायची खात्रीची रीत एर्लिख यांनी बसवली. आज औषधाच्या बाटलीवर युनिट लिहिलेले असतात, त्यामागे हे काम आहे. १८९९ पासून ते फ्रँकफुर्टच्या नव्या संस्थेचे प्रमुख झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

माणूस कसा होता? दिवसाला पंचवीसेक सिगार ओढायचे (मुलांना हा भाग सांगू नका). खोलीत पुस्तकं, मासिकं, कागद यांचे ढिगारे, बसायला खुर्ची रिकामी नाही. सहकाऱ्यांना रोजचं काम रंगीत कागदांवर चिठ्ठ्या लिहून द्यायचे. बोलता बोलता समजावून सांगायची वेळ आली की हातात येईल त्यावर आकृत्या काढायचे, टेबलक्लॉथ असो की शर्टाची बाही. गुप्तहेरकथा वाचायची आवड. या चिठ्ठ्यांची युक्ती मी वर्गात गटकार्यासाठी वापरून पाहिली, मुलं रंगावरून आपलं काम बरोबर ओळखतात.

आता शेळ्यांकडे येऊ.

एर्लिख यांचं म्हणणं होतं की पेशीच्या बाहेरच्या बाजूला निरनिराळ्या आकाराच्या साखळ्या असतात. एखादं विष त्यातल्या एका साखळीत बसलं की पेशी तशाच साखळ्या जास्त जास्त तयार करते आणि त्या रक्तात सोडून देते. रक्तात सुटलेल्या या साखळ्या म्हणजेच प्रतिपिंडे. यातला तपशील पुढे बराच बदलला, पण पेशीवर ठरावीक आकार पकडणाऱ्या जागा असतात हा गाभा आजही टिकून आहे.

पण मग एक अडचण उभी राहते, आणि ती त्यांच्या स्वतःच्याच सिद्धांतातून आली. शरीर जर कुठल्याही आकाराविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकतं, तर ते स्वतःच्या रक्ताविरुद्ध का बनवत नाही? आपल्या अंगातही लाखो आकार आहेतच की. साधारण १९०० च्या सुमारास एर्लिख आणि त्यांचे सहकारी युलियस मॉर्गेनरोथ यांनी प्रयोग केले. एका शेळीला दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचलं. तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली आणि ती दुसऱ्या शेळ्यांच्या लाल पेशी फोडू लागली. जात तीच, रक्त जवळजवळ सारखं, तरी फोडत होती. पण त्या शेळीच्या स्वतःच्या लाल पेशींना धक्का लागला नाही. वेगवेगळ्या शेळ्यांवर करून पाहिलं, तेच.

एर्लिख यांनी याला एक लॅटिन नाव दिलं, हॉरर ऑटोटॉक्सिकस. म्हणजे स्वतःलाच विष देण्याची शरीराला असलेली धास्ती. नाव भारदस्त होतं आणि घात तिथेच झाला. लोकांनी त्याचा अर्थ घेतला की शरीर स्वतःवर हल्ला करूच शकत नाही, तो निसर्गाचा नियमच आहे. वास्तविक एर्लिख तसं म्हणाले नव्हते. त्यांचं म्हणणं असं होतं की शरीरात आतून नियंत्रण करणारी काहीतरी योजना असली पाहिजे, तिच्यामुळे हल्ला होत नाही. आणि ही योजना बिघडली तर आजार होऊ शकतो, काही आजारांची कारणं पुढे तिथे शोधावी लागतील, हेही त्यांनी मांडलं होतं. नाव लक्षात राहिलं, पुढची अट विसरली गेली. आपण वर्गात व्याख्या पाठ करून घेतो आणि खालची टीप सोडून देतो, त्यातलाच प्रकार.

१९०४ मध्येच डोनाथ आणि लँडस्टायनर या दोघांनी एक आजार दाखवून दिला होता. त्यात थंडी लागली की माणसाची स्वतःची प्रतिपिंडे त्याच्याच लाल पेशी फोडतात आणि लघवी लाल होते. म्हणजे पुरावा समोर होता. तरीही पुढची चाळीस-पन्नास वर्षं बहुतेक डॉक्टर मंडळी हा अपवाद समजत राहिली. १९५६ मध्ये नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचला आणि सशांची थायरॉइड ग्रंथी त्यांच्याच प्रतिकारशक्तीने बिघडवली. गंमत म्हणजे विटेब्स्की हे एर्लिख यांच्या शिष्याचे शिष्य. गुरूच्या नावावर खपलेला नियम त्याच परंपरेतल्या माणसाने मोडला. त्यानंतर ऑटोइम्यून आजार हा शब्द रुळला. संधिवाताचा एक प्रकार, थायरॉइडचे काही विकार, मुलांना होणारा टाइप १ मधुमेह हे या गटात येतात.

मग एर्लिख म्हणत होते ती आतली योजना आहे तरी कुठे?

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, वयात आल्यावर आकसत जाते. एर्लिख यांच्या काळात तिचा उपयोगच कोणाला माहीत नव्हता. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी इथे घडतात. टी पेशी म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. प्रत्येक टी पेशी एकच ठरावीक आकार ओळखते आणि तो आकार नशिबाने ठरतो. त्यामुळे काही पेशी आपल्याच शरीराचे आकार ओळखणाऱ्या निघणारच. थायमसमध्ये त्यांची परीक्षा होते. तिथल्या पेशी शरीरातल्या प्रथिनांचे तुकडे त्यांच्यापुढे धरतात. जी टी पेशी तो तुकडा घट्ट पकडते ती धोक्याची, तिला बहुधा तिथेच मरावं लागतं.

पण परीक्षेत प्रश्न विचारायचे तर प्रश्नपत्रिका हवी. इन्सुलिन स्वादुपिंडात बनतं, थायरॉइडची प्रथिनं गळ्यात बनतात, डोळ्यातली डोळ्यात. ही सगळी छातीतल्या थायमसकडे येणार कशी?

इथे ते प्रथिन येतं. ऑटोइम्यून रेग्युलेटर या शब्दांमधली अक्षरं घेऊन त्याचं नाव एअर ठेवलं आहे. हवेशी त्याचा काही संबंध नाही. त्याचं जनुक आपल्या २१ व्या गुणसूत्रावर आहे आणि ते १९९७ मध्ये सापडलं.

हे समजून घ्यायला शाळेचंच उदाहरण घेते. समजा प्रत्येक वर्गाच्या कपाटात पहिली ते दहावीची सगळी पुस्तकं ठेवली आहेत. तिसरीच्या बाई फक्त तिसरीची उघडतात, बाकीची बंद. आपल्या पेशींचं तसंच आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सगळी जनुकं असतात, पण स्वादुपिंडाची पेशी इन्सुलिनचं पान उघडते आणि त्वचेची पेशी ते कधीच उघडत नाही. थायमसमधल्या काही पेशी मात्र एअरच्या मदतीने दुसऱ्यांच्या वर्गाची पुस्तकं उघडतात. इन्सुलिनचं उघडतात, थायरॉइडचं उघडतात. थोडंसं ते प्रथिन बनवतात आणि त्याचे तुकडे टी पेशींपुढे धरतात. २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे स्पष्ट झालं. ज्या उंदरांत एअर नव्हतं त्यांच्या थायमसमधून अशी कितीतरी प्रथिनं गायब होती आणि त्यांच्या अवयवांवर त्यांच्याच टी पेशी तुटून पडल्या होत्या.

बंद पान उघडतं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडला. डीएनएचा लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, दोरा रिळावर असतो तसा. जी जनुकं वापरात असतात तिथल्या रिळांवर एका विशिष्ट ठिकाणी छोटी रासायनिक खूण असते. जनुकं चालू-बंद करणारी बहुतेक प्रथिनं डीएनएवरची ठरावीक अक्षरं शोधत जातात. एअर तसं करत नाही. त्याचा एक भाग रिळाला चाचपतो आणि जिथे खूण नाही तिथे बसतो. म्हणजे बंद जनुकाची ओळख खूण नसण्यावरूनच! मग पुढचं काम. जनुकाची नक्कल काढणारं यंत्र कित्येकदा जनुकाच्या सुरुवातीला येऊन अडकून उभं असतं. एअर दुसऱ्या काही प्रथिनांना बोलावून घेतं आणि ते अडकलेलं यंत्र पुढे सरकतं. हे काम एअरचा एकटा रेणू करत नाही, अनेक रेणू एकमेकांना धरून केंद्रकात ठिपक्यांसारखे गोळा होतात.

एक पेशी सगळी पुस्तकं उघडत नाही. एखादी या विषयाची चार पानं उघडते, शेजारची दुसऱ्या विषयाची. पण सगळ्या मिळून हजारो प्रथिनं टी पेशींना दाखवून होतात.

एअरच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर लहानपणीच एक दुर्मीळ आजार होतो. तोंडात बुरशीचा त्रास वारंवार होतो, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होतात, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात. फिनलंडमध्ये आणि सार्डिनिया बेटावर हा आजार त्यातल्या त्यात जास्त आढळतो. एका मुलाच्या इतक्या वेगवेगळ्या अवयवांमध्ये बिघाड का, हे कोडं त्या आईबापांना आणि डॉक्टरांनाही कितीतरी वर्षं सुटत नव्हतं. कारण एकच होतं, प्रश्नपत्रिका अपुरी.

सगळं ओझं एअरवर नाही, हेही सांगायला हवं. शेळ्यांच्या प्रयोगात प्रतिपिंडे होती आणि ती बी पेशी बनवतात. त्यांची छाननी हाडांच्या मगजात वेगळी होते, शिवाय त्यांना बऱ्याचदा टी पेशींचा होकार लागतो. थायमसमधून निसटलेल्या पेशींना बाहेर आवर घालणाऱ्या राखणदार टी पेशीही असतात. त्यांच्यात फॉक्सपी-३ नावाचं दुसरं एक जनुक-नियंत्रक प्रथिन काम करतं. या कामासाठी मेरी ब्रुनकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. आतली नियंत्रण करणारी योजना असं एर्लिख मोघम म्हणाले होते. ती एक नाही, अशा अनेक चौक्या आहेत.

पालकांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. शाळेत एखादं मूल इन्सुलिनचं इंजेक्शन घेत असेल तर गोड जास्त खाल्लं म्हणून झालं असं त्याला किंवा त्याच्या आईला कृपया म्हणू नका. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी प्रतिकारशक्तीनेच मारलेल्या असतात. त्यात एअरचं जनुक बिघडलेलं असतंच असं नाही, बहुतेकांत नसतं. अनेक जनुकं आणि इतर कारणं मिळून ते होतं. मुलाचा दोष त्यात काहीच नाही.

आता पुन्हा फ्रँकफुर्टला जाऊ. एर्लिख यांना १९०८ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. तोवर ते दुसऱ्याच नादात होते. रंग जर नेमक्या पेशीला चिकटतो, तर फक्त जंतूला चिकटून त्याला मारणारं आणि माणसाला सोडून देणारं रसायन का बनवू नये? आर्सेनिकची शेकडो संयुगं एकामागून एक तपासली. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ६०६ नंबरचं संयुग उपदंश झालेल्या सशांवर चालतं असं दाखवलं. आधीच्या तपासणीत ते निरुपयोगी म्हणून बाजूला पडलं होतं, हाता यांनी चिकाटीने सगळं परत तपासलं. १९१० मध्ये ते सॅल्व्हरसान नावाने बाजारात आलं. औषधाने अनेक लोक बरे झाले, पण ते टोचणं अवघड होतं, दुष्परिणामही झाले. त्यावरून वर्तमानपत्रांत एर्लिख यांची बदनामी झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्याचा त्यांनी फार त्रास करून घेतला. पहिलं महायुद्ध चालू असताना २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग इथे हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय ६१.

हिटलरच्या राजवटीत ते ज्यू होते म्हणून फ्रँकफुर्टमधल्या रस्त्यावरून त्यांचं नाव काढलं गेलं. हेडविगबाईंना म्हातारपणी देश सोडावा लागला. युद्ध संपल्यावर रस्त्याला नाव परत आलं आणि त्यांच्या जुन्या संस्थेलाही त्यांचंच नाव मिळालं. युरो येण्याआधी जर्मनीत २०० मार्कची जी शेवटची नोट होती तिच्यावर दाढीवाले, चष्मा लावलेले एर्लिख होते. नोट उलटली की मागे सूक्ष्मदर्शक.